जुळ्याचं दुखणं

माझं पोट वंशपरंपरागत आहे, असं मी गेली कित्येक वर्षं ज्याला त्याला सांगत आलो आहे. वडिलांना होतं, आजोबांना होतं, पणजोबांचा एकच फोटो घरात आहे आणि त्यात ते मावावेत म्हणून फोटोवाल्याने बाकीच्या मंडळींना बाहेर काढलेलं आहे. टक्कल, धाप, जेवणानंतरची झोप, चढ दिसला की होणारी चिडचिड, हे सगळं मला रक्तातूनच आलेलं आहे. काही लोकांना वारशात जमिनी मिळतात. मला हे मिळालं. मी तक्रार करत नाही.

हा सिद्धांत तसा बिनतोड आहे. त्याला अडचण एकच, आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. मला एक जुळा भाऊ आहे.

जुळा म्हणजे अगदी एकासारखा एक. नाक तेच, कान तेच, हनुवटीही तीच, फक्त त्याला ती एक आहे आणि मला दोन. त्याच्या डोक्यावर केस आहेत. तो सकाळी पळतो, आणि कुणी मागे लागलेलं नसताना पळतो. आमच्या दोघांत तो थोड्या वेळाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. आईनेच लावलेली सवय. पण तेवढ्या थोड्या वेळात त्याने जगातल्या सगळ्या चांगल्या जागा रुमाल टाकून धरून ठेवल्या असाव्यात असा माझा संशय आहे. त्याच्या घराला बाग आहे. त्याची गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. त्याची मुलं त्याचा फोन उचलतात. मला त्याचा हेवा वाटतो. काही लोक अशा वेळी 'हेवा नाही, कौतुक वाटतं' वगैरे म्हणतात. मला कौतुक अजिबात वाटत नाही.

माझ्याजवळ आहे आणि त्याच्याजवळ नाही, अशी एकच गोष्ट होती. आई माझ्याकडे राहायची.

आता ती माझ्याकडे राहायची आणि दिवसभर त्याच्याविषयी बोलायची, हा भाग वेगळा. "दादा बघ कसा वेळेवर उठतो. दादा बघ कसा चावून खातो." ती दादाकडे गेली की दोन दिवसांत परत यायची, तिला तिथे करमत नसे. ती परत आली की मी दारातून तिची पिशवी घ्यायचो, आणि त्या दिवशी मला जिन्यात धाप लागायची नाही.

तर एका रविवारी दादाचा फोन आला.

"एक आरोग्य संशोधन संस्था आहे," तो म्हणाला. "माणसाची तब्येत कशावर ठरते याचा अभ्यास करतायत. रक्तातून किती येतं, घरच्या-आजूबाजूच्या माणसांमुळे किती, आणि स्वतःच्या सवयींमुळे किती. त्यासाठी त्यांना जुळी भावंडं हवी आहेत."

"जुळीच का?" मी विचारलं.

"कारण आपल्यासारख्या जुळ्यांची जनुकं सारखी. रक्तातलं सगळं सारखं निघालं, की उरलेला फरक ज्याचा त्याचा. मी दोघांची नावं देऊन टाकलीयत."

देऊन टाकलीयत! म्हणजे माझ्या पणजोबांपासून चालत आलेला बचाव एका फोनवर निकालात निघाला. उद्या एखादी बाई पांढरा कोट घालून, टेप लावून, सही-शिक्क्यानिशी सांगणार, की हे पोट पणजोबांचं नसून यांचं स्वतःचं आहे.

"आणि हे बघ," दादा पुढे म्हणाला, "आईचं आता वय झालंय. मी तळमजल्यावर तिच्यासाठी खोली करून घेतलीय. तुमची लिफ्ट निम्मे दिवस बंद. तुझी तब्येत ही अशी. तुझ्याकडे तिची काळजी कशी घेतली जाणार? मी म्हणतो असं नाही, शास्त्रालाच म्हणू दे. तपासणीत ज्याचं घर आरोग्याला चांगलं ठरेल, त्याच्याकडे आई. मान्य?"

शहाण्या माणसाने 'नाही' म्हटलं असतं. पण तो 'मान्य?' असं म्हणाला ते अगदी लहानपणी भिंतीवर चढून म्हणायचा तसं. तेव्हाही मी मान्य म्हणायचो आणि पडायचो.

"मान्य!" मी म्हणालो.

फोन ठेवला तर बायको समोर उभी. "काय मान्य केलंत?" मी सांगितलं. तिने हातातलं फडकं खुर्चीवर टाकलं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? आई गेल्या तर मी दिवसभर भांडू कुणाशी? तुमच्याशी? तुम्हाला दुसऱ्या वाक्याला डुलकी लागते!"

आईला यातलं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं आणि बायकोने मान डोलावली.

संस्थेच्या कचेरीत पहिल्याच दिवशी गाडं अडलं. खिडकीमागच्या कारकुनाने आमची दोघांची ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवली, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाला, "तुम्ही जुळे नाही."

"म्हणजे काय?" दादा म्हणाला.

"कागदावर हे तुमच्याहून एका वर्षाने लहान आहेत. एका वर्षाच्या अंतराने झालेले जुळे आमच्या व्याख्येत बसत नाहीत."

मला त्या कारकुनाला मिठी मारावीशी वाटली. शाळेत घालताना माझी जन्मतारीख एक वर्ष पुढे ढकललेली होती, हे मी विसरूनच गेलो होतो. जुळेच नाही म्हटल्यावर कसली तपासणी आणि कसली पैज!

"साहेबांचं बरोबर आहे, दादा," मी गंभीरपणे म्हणालो. "व्याख्या म्हणजे व्याख्या. आपण उगाच सरकारी, निमसरकारी, जे काही असेल त्या माणसाला अडचणीत आणू नये."

"तू गप्प बस," दादा म्हणाला, आणि कारकुनाकडे वळला. "आम्हाला एकत्र उभं करून बघा ना!"

"मी तोंडं तपासत नाही, कागद तपासतो. जन्मदात्रीचा तोंडी जबाब आणा."

त्यामुळे आईला आणावं लागलं. आईला आणायचं म्हणजे कारण सांगणं आलं. दादाने सांगितलं की एक छोटीशी वैद्यकीय पाहणी आहे. आईने ठेवणीतली चप्पल घातली.

"आजी, हे दोघं एकाच वेळी झाले का?" कारकुनाने विचारलं.

"एकाच वेळी कसे होतील? एकामागून एक झाले."

"मध्ये वेळ किती गेला?"

"मी घड्याळाकडे बघत नव्हते."

"मग कागदावर एक वर्ष कसं?"

"अहो, शाळेत घालायच्या वेळेला हा धाकटा तापाने फणफणलेला. सारखाच आजारी. म्हणून मोठ्याला एकट्याला धाडलं आणि याला वर्षभर घरी ठेवला. दुसऱ्या वर्षी मास्तरच म्हणाले, पोरगं लहानखुरं आहे, एका वर्षाने लहान लावू, खपून जाईल."

"असं कसं खपेल?" कारकून म्हणाला.

"इतकी वर्षं खपलंच ना?" आई म्हणाली, आणि त्याचं समाधान होत नाही असं बघून तिने आम्हा दोघांना कानाला धरून खिडकीशी ओढलं. "हे बघा. दोघांचा उजवा कान खालून चिकटलेला. यांच्या वडिलांचाही असाच होता. घ्या लिहून."

रांगेतले लोक टाचा उंचावून बघत होते. मी एका खात्याचा उपप्रमुख आहे, दादा तर प्रमुखच आहे, आणि आम्ही दोघं वाकून, कान आईच्या मुठीत देऊन, एका कारकुनाच्या खिडकीत डोकी घालून उभे होतो. कारकुनाने आळीपाळीने दोन्ही कान पाहिले आणि शिक्का मारला. म्हणजे माझी शेवटची आशाही मावळली.

तपासणीला अजून अवधी होता, तेव्हा तेवढ्यात स्वतःचा कायापालट करायचा असं मी ठरवलं. ही गोष्ट मी गुप्त ठेवणार होतो, पण आमच्या इमारतीत गुप्त ठेवलेली गोष्ट सगळ्यांना आधी कळते.

पहिले आले ते समोरचे 'गरमपाणी'. त्यांचं खरं नाव पाटीवर आहे, पण कुणी वाचत नाही. जगातल्या प्रत्येक व्याधीवर त्यांच्याकडे गरम पाणी हाच उपाय आहे. सर्दीवर गरम पाणी, सांधेदुखीवर गरम पाणी. एकदा माझी गाडी सुरू होत नव्हती तेव्हाही त्यांनी किटली आणली होती. "सकाळी उठल्याबरोबर चार पेले," ते म्हणाले. "पोट विरघळतं." मी प्यायलो. पोट विरघळलं नाही, पण ऑफिसातल्या महत्त्वाच्या बैठकीत मला इतक्यांदा उठावं लागलं की साहेबांनी शेवटी माझी खुर्ची दारापाशी ठेवायला सांगितली. माझ्या आधीच्या जागेवर पंखा होता.

दुसरे आले तळमजल्यावरचे काका. त्यांचा लिफ्टला तात्त्विक विरोध आहे. माणसाने जिनेच चढले पाहिजेत, यावर ते लिफ्टच्या दारात उभे राहून इतकं पोटतिडकीने बोलतात की ऐकणाऱ्याला लाज वाटून तो जिन्याकडे वळतो. ते स्वतः तळमजल्यावर राहतात हे दुसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर लक्षात येतं. त्यांच्या आग्रहाखातर मी आठवडाभर जिने चढलो. गुडघा सुजला. मग गुडघ्यावर गरम पाणी.

बायकोने माझं ताट निम्मं केलं. बायकोची पाठ वळली की आई स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात वाढायची. "आजारी माणसाला उपाशी ठेवू नये," ती पुटपुटायची. मी आजारी नव्हतो, पण हा मुद्दा मी त्या क्षणी उपस्थित करत नसे. परिणाम असा झाला की मी उपाशी आहे या समजुतीत पूर्वीपेक्षा जास्त जेवू लागलो.

मग घरभेट आली. संशोधक बाई तरुण, हसतमुख आणि भयंकर सरळ होत्या. त्यांनी आमच्या खोल्या मोजल्या, खिडक्या मोजल्या, टेप माझ्याभोवती गुंडाळला, आणि तो पुरेना तेव्हा काही न बोलता पिशवीतून दुसरा काढला. मग प्रश्न सुरू झाले.

"व्यायाम?"

"नियमित," मी म्हणालो.

"अहो, खोटं का सांगता?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"झोप?"

"मोजकी."

"मोजता येणार नाही इतकी!" स्वयंपाकघर म्हणालं.

"शेजाऱ्यांशी बोलणं होतं का?"

"मी बोलत नाही. तेच बोलतात."

नेमके तेव्हा 'गरमपाणी' आत आले आणि बाईंना त्यांनी खोकला नसताना गरम पाणी दिलं. पाठोपाठ काका आले, ते बाई लिफ्टने आल्या का हे विचारायला. आई खुर्ची ओढून बसली आणि माझ्या बाळपणातले सगळे ताप क्रमाने सांगू लागली. गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला, विषमज्वर. "याच्या उशाशी किती रात्री काढल्या त्याला गणती नाही," ती म्हणाली. बाई भराभरा लिहीत होत्या.

"आणि मोठे चिरंजीव?"

"त्याला काय झालंय! तो कधी आजारीच पडला नाही. दगड आहे, दगड," आई अभिमानाने म्हणाली.

माझ्या पोटात दुखलं. गरम पाण्यामुळे नव्हे. त्याचं न पडलेलं आजारपणसुद्धा त्याचंच कौतुक होऊन बसलं होतं.

शेवटची तपासणी रक्तदाबाची. दिवसभर दंडाला पट्टा बांधायचा, कमरेला एक लहान मशीन. दर अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगतो, दंड आवळतो, आणि मशीनवर आकडा दोन क्षण चमकतो. संशोधक बाईंनी आम्हा दोघांना एकाच वेळी मशीनं बांधली. "रोजच्यासारखाच दिवस घालवा," त्या म्हणाल्या. "आकड्याकडे बघू नका, आकडा बघितला की आकडा वाढतो. आणि हे बटण आहे. अगदीच त्रास व्हायला लागला तर दाबा, म्हणजे मध्येच मोजलं जाईल."

दादाने नेमका त्याच दिवशी आईला खोली बघायला बोलावलं. आईला पोहोचवायला मी गेलो. मी नसतो गेलो तरी चाललं असतं, पण मला तो काय खातो ते बघायचं होतं.

त्याच्या घरात पाऊल टाकलं की मला माझे मोजे आठवतात. सगळं इतकं स्वच्छ आणि इतकं शांत, की घड्याळाचा आवाज ऐकू येतो. वहिनी म्हणाल्या, "या भाऊजी," आणि त्यांनी हिरव्या रंगाचं काहीतरी प्यायला दिलं. मग त्या आईला खोली दाखवायला घेऊन गेल्या. आम्ही दोघं भाऊ समोरासमोर सोफ्यावर बसलो.

"गुर्र्र," माझं मशीन म्हणालं. "गुर्र्र," त्याचंही म्हणालं.

पट्टा फुगताना हात सरळ ठेवावा लागतो. आम्ही दोघंही एक हात पुढे करून, एकमेकांकडे न बघता बसलो. मग आकडा चमकला आणि दोघांनीही दुसऱ्याच्या कमरेकडे पाहिलं. त्याचा आकडा माझ्यापेक्षा पुष्कळ खाली होता. तो हसला नाही. न हसणं हीसुद्धा त्याची एक पद्धत आहे.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. "अगंबाई, किती छान खोली! खिडकीतून झाड दिसतं!"

मला त्रास व्हायला लागला. मी बटण दाबलं. माझा आकडा जिना चढत होता. दादानेही निव्वळ चौकशीखातर स्वतःचं बटण दाबलं. त्याचा आणखी खाली आला.

आई बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि थबकली. "चेहरा का उतरलाय तुझा? दमलास का रे? दादा, तू ऊठ, त्याला पंख्याखाली बसू दे. हा लहानपणापासून नाजूक." तिने मला उठवून दादाच्या जागेवर बसवलं, माझा घाम पुसला, आणि पेला माझ्या तोंडाला लावला.

दादा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. त्याने हळूच बटण दाबलं असावं, कारण गुर्र्र ऐकू आलं. मी मान वाकडी करून आकडा पाहिला. मग पुन्हा पाहिला.

माझ्यापेक्षा वर!

आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी आकड्यात दादा माझ्यामागे पडला होता. कशामुळे, ते मला कळेना. पण आपण आता एका शास्त्रीय प्रयोगाचाच भाग आहोत, तेव्हा प्रयोग पुन्हा करून बघणं माझं कर्तव्य होतं. मी कपाळाला हात लावून म्हणालो, "आई, जरा गरगरतंय गं."

आई धावली. तिने माझं डोकं खांद्याला टेकवून घेतलं. "काही खाल्लं नसेल सकाळपासून. उपाशी ठेवतात रे तुला." दादाच्या कमरेला गुर्र्र. आकडा आणखी वर.

मला इतका आनंद झाला की तो लपवणं जड जाऊ लागलं. ज्याच्याकडे बाग आहे, केस आहेत, फोन उचलणारी मुलं आहेत, त्या माणसाला माझा हेवा वाटत होता! मी आजवर एकट्यानेच जळत आलो होतो. हे काम दोघं मिळून करत होतो याची मला कल्पनाच नव्हती. मी अजून एकदा कण्हलो.

"पुरे कर!" दादा ओरडला.

त्या घरात तोपर्यंत कुणी ओरडलं नसावं. वहिनी दारात येऊन थांबल्या.

"त्याला काहीही झालेलं नाही, आई," दादा म्हणाला. "त्याला कधीच काही झालेलं नसतं. जरा शिंकला की तू त्याच्या उशाशी. शाळेचा पहिला दिवस आठवतो तुला? मी एकटा गेलो. रस्ता ओलांडून एकटा. तू दारापर्यंतसुद्धा आली नाहीस, कारण याला ताप होता. मी ठरवलं, आपण आजारी पडायचं नाही. त्रास द्यायचा नाही. मग आई आपल्याकडे येईल. अजून पडलेलो नाही मी आजारी. रोज पळतो. उकडलेलं खातो. ही खोली बांधली. तू दोन दिवसांत पिशवी भरतेस." त्याने बाहीने नाक पुसलं. "माझ्या कपाळाला तू कधी हात लावला होतास, आठव बरं."

आईला आठवत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं.

"तू कधी काही बोललाच नाहीस रे," ती म्हणाली.

"तुझ्याकडे बोलायला आधी ताप यावा लागतो," दादा म्हणाला.

मला खरं म्हणजे हसू यायला हवं होतं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या घरात, दंडाला पट्टा बांधून, नाक ओढत उभा. पण मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, आई आता काय करणार, अशी धास्तीही वाटली.

आईने माझं डोकं तिच्या खांद्यावरून उचललं आणि सोफ्याच्या पाठीला टेकवलं. ती उठली, दादाजवळ गेली, टाचा उंचावून तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. आणि काढला नाही.

अर्धा तास झाला होता. दोन्ही मशीनं एकदमच म्हणाली, गुर्र्र. यावेळी दादाने आकडा बघितलाच नाही. मी बघितले, दोन्ही. त्याचा दिवसातला सगळ्यात खालचा होता. माझा सगळ्यात वरचा.

"मी इथे महिनाभर राहते," आई म्हणाली.

"पण अजून निकाल लागलेला नाही!" मी ताडकन उठलो. नाजूक माणसाला न शोभेल इतक्या चपळाईने.

"कसला निकाल? मला पैजेवर लावलं होतंत ना दोघांनी? पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. तू फोन ठेवल्या ठेवल्या तुझ्या बायकोने सांगितलं." ती पुन्हा दादाकडे वळली. "काही खाल्लंस का रे तू?"

मी एकटाच घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझ्या मागे पाहिलं, आणि आत निघून गेली. जेवताना माझं ताट निम्मंच होतं आणि त्यात कुणी काही वाढलं नाही. आईची खुर्ची तिथेच होती. 'गरमपाणी' आले, तिच्यावर बसायला गेले, आणि बायको त्यांच्यावर अशी काही खेकसली की ते किटली विसरून गेले.

काही दिवसांनी संशोधक बाईंचा फोन आला. रक्ताचा अहवाल आला होता. आम्ही तंतोतंत एकसारखे जुळे होतो. जनुकांत काडीचाही फरक नाही. म्हणजे पोट माझंच. हे त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं, पण सांगितलं.

"एक कोडं मात्र आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी एकाच वेळेला त्यांचा रक्तदाब सगळ्यात खाली आणि तुमचा सगळ्यात वर. काय झालं होतं तेव्हा?"

"आई उठून त्याच्याकडे गेली होती," मी म्हणालो.

त्यांनी पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. "हे मी सामाजिक कारणांत घालू, की आनुवंशिक?"

"दोन्हींत घाला," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

महिना संपला. आईचा निरोप आला, अजून थोडे दिवस राहते. एकदा पाहिलेलं झाड माणूस किती दिवस बघत बसणार? मी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातूनच दादाच्या घरी फोन लावला. आवाज शक्य तितका खोल नेला.

फोन दादाने उचलला. त्याचा आवाज माझ्यापेक्षा खोल होता.

"आई कुठे आहे?" मी क्षीणपणे विचारलं. "मला जरा कणकण वाटतेय."

"माझ्या उशाशी आहे," तो त्याहून क्षीणपणे म्हणाला. "मलाही वाटतेय."

"तुला? तुला कधीपासून?"

"कालपासून."

"खोटं!"

"तुझं खरं आहे का?"

मी क्षीणपणे कण्हलो. तोही कण्हला. मग मागून आईचा आवाज आला. "कोण आहे रे? धाकटा का? त्याला म्हणावं, खोकून दाखव."

मी खोकलो. छातीच्या तळापासून, जीव ओतून खोकलो. बायको कोण गेलं म्हणून धावत आली.

"खरा नाही," आई तिकडून म्हणाली. "याला मघाशी आला होता, अगदी तस्साच आहे."